बर्फाच्या टबाचा तीन महिन्यांचा पास संपला, पुन्हा काढला नाही

पहिल्या दिवशी मी टबात चाळीस सेकंद टिकले. आधीच सांगून टाकते, म्हणजे पुढे मी फार अधिकारवाणीने बोलायला लागले तर तुम्हाला हसता येईल. घोटे बुडाले, पोटऱ्या बुडाल्या, मांड्यांपर्यंत मी चेहरा सरळ ठेवला होता. पाणी कमरेला लागलं आणि श्वास एकदम आत ओढला गेला, मी न ओढता. मग दुसरा, मग तिसरा. बाहेर काही जाईचना. टबाशेजारी उभा असलेला पोरगा अगदी शांतपणे म्हणाला, "ताई, सोडा. घेऊ नका, सोडा." मी त्याच्याकडे अशी काही बघितली की तो दोन पावलं मागे सरकला, आणि मी बाहेर आले.

माझं वय ४३. काम दिवसभर खुर्चीतलं, आठवड्यातून चार संध्याकाळी जिम, शनिवार-रविवारी बॅडमिंटन डबल्स. आमच्या जिमने एका कोपऱ्यातल्या जुन्या सायकली हलवून तिथे दोन टब बसवले आणि 'रिकव्हरी झोन' अशी पाटी लावली. नेहमीच्या फीवर वेगळा पास, तीन महिन्यांचा. जिमचं नाव लिहीत नाही. ज्या गोष्टींबद्दल मी कुरकुरणार आहे त्यातल्या बऱ्याच, दुसरीकडे जाणाऱ्या मैत्रिणींनीही तशाच्या तशा ऐकवल्या.

पास घेण्याचं कारण सरळ होतं. पायांच्या व्यायामानंतर दुसऱ्या दिवशी मी जिना खेकड्यासारखी आडवी उतरायचे. चढताना काही नाही, उतरताना मात्र प्रत्येक पायरीला मांडीतून कळ. टबामागच्या भिंतीवर मोठ्या अक्षरांत लिहिलं होतं की थंड पाणी स्नायूंतलं लॅक्टिक ॲसिड बाहेर काढतं. मी ते वाचलं आणि पैसे भरले. नंतर फिजिओथेरपिस्ट असलेल्या मैत्रिणीला हे सांगितलं तर ती हसत सुटली. व्यायामात वाढलेलं लॅक्टेट, म्हणजे पाटीवरचं तेच ॲसिड, साधारण तासाभरात आपोआप खाली येतं, तुम्ही टबात बसा नाहीतर सोफ्यावर. दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी जे पाय भरून येतात त्याचा त्याच्याशी संबंध नाही. स्नायू ताणला जात असतानाच त्याच्यावर भार येतो, म्हणजे स्क्वॉटमध्ये (वजन घेऊन मारायच्या उठाबशा) खाली बसताना किंवा उतारावरून धावताना, तेव्हा त्याच्या तंतूंना बारीक इजा होते. तिची सूज आणि ठणका २४ ते ७२ तासांत सगळ्यांत जास्त असतो. म्हणूनच सोमवारी पाय मारले की बुधवारी रडायची पाळी येते. पाटी मात्र अजून तिथेच आहे, आणि तिच्यासमोर उभं राहून लोक फोटो काढतात.

आता टबाविषयी. टब चांगला आहे, हे आधी कबूल करते. उभट, पिंपासारखा, आत एक पायरी, गुडघे दुमडून बसलं की पाणी खांद्यापर्यंत येतं. कडेला पकडायला दांडा आहे आणि तो खरंच घट्ट आहे. पाणी गार करायला चिलर आहे, बर्फ टाकत नाहीत. त्यामुळे 'आइस बाथ'मध्ये आइस औषधालाही नसतो. पहिल्या आठवड्यात मला यात फसवणूक वाटली होती. मग नवरा म्हणाला, "त्यापेक्षा घरीच बर्फ आणून टाकू की," आणि मी कागद-पेन घेऊन बसले. एक किलो बर्फ वितळताना ३३४ किलोज्यूल उष्णता शोषतो, आणि वितळलेलं पाणी पुढे तापताना अजून थोडी घेतं. ३०० लिटर पाणी २८ अंशांवरून १२ वर आणायचं तर हिशेब ५० किलोंच्या वर जातो. एका बुडीला! नवऱ्याने तो कागद दोनदा वाचला आणि परत विषय काढला नाही. तर चिलरला मी माफ केलं.

माफ केलं नाही ते त्याच्या आकड्याला. टबाच्या बाजूला लाल अंकांचा डिस्प्ले आहे, त्यावर कायम १०.० असं असतं. सकाळी १०.०, संध्याकाळी १०.०, सहा जण ओळीने बुडून गेले तरी १०.०. तिसऱ्या आठवड्यात मला शंका आली, कारण शनिवारी सकाळी जे पाणी चावायचं ते मंगळवारी संध्याकाळी नुसतं गार लागायचं. मी दोरीला बांधून सोडायचा एक साधा थर्मामीटर घेतला आणि टबात बसल्या बसल्या सोडला. संध्याकाळी साडेसातला छातीच्या पातळीला १४.२, तळाशी १२.८. डिस्प्लेवर १०.०. टबाजवळचा पोरगा (त्याला आम्ही सगळे दादा म्हणतो, वय असेल बावीस) वाकून बघायला लागला. मग त्याने स्वतःच थर्मामीटर घेतला आणि चिलरमधून थंड पाणी टबात येतं त्या नळीच्या तोंडाशी धरला. १०.१. आम्ही दोघं एकमेकांकडे बघत राहिलो. डिस्प्लेचा सेन्सर त्या नळीतच बसवलेला होता. आकडा खोटा नव्हता, पण तो नळीचा होता, टबाचा नव्हता.

पाणी संध्याकाळी का तापतं हेही दादामुळे कळलं. माणसाच्या अंगाची ऊब तर जातेच पाण्यात, पण खरा घोळ सांडण्याचा. माणूस धपकन बसला की कडेवरून पंधरा-वीस लिटर पाणी बाहेर, आणि पुढचा यायच्या आत दादा साध्या नळाने पातळी भरून काढणार. छोटा चिलर त्या नळाच्या पाण्यापुढे हात टेकतो.

गंमत अशी की, माझं यात काहीच बिघडत नव्हतं. ज्या पाहण्यांमध्ये गार पाण्याचा काही उपयोग दिसला आहे, त्यांतलं पाणी साधारण १० ते १५ अंशांचं आणि वेळ १० ते १५ मिनिटांची. म्हणजे संध्याकाळचं 'तापलेलं' १४ अंशांचं पाणी कामाला अगदी पुरेसं होतं. पण ज्याला आकडा विकला आहे त्याला तो खरा मिळायला हवा. आज दहा समजून चौदात दहा मिनिटं आरामात बसणारा माणूस उद्या दुसरीकडे खरोखरच्या सहा अंशांत तेवढाच वेळ बसायला जाईल. आमच्याकडे तर महिन्यातून एकदा 'चार अंश चॅलेंज'ही असतं. त्या दिवशी बर्फाच्या पिशव्या येतात, संगीत लागतं, ट्रेनर मोठ्याने सेकंद मोजतो. मी एकदा बघायला उभी राहिले. रिकव्हरीचा त्याच्याशी काडीचा संबंध नाही, ती जत्रा आहे. जत्रा म्हणून छान आहे.

त्याच जत्रेत मी जे बघितलं ते इथे लिहायलाच हवं. पन्नाशीचे एक गृहस्थ, जिममध्ये नवीनच, मुलाबरोबर आलेले. मुलगा बुडून आला, टाळ्या झाल्या, मग हे. पायरीवर बसले नाहीत, थांबले नाहीत, थेट खांद्यापर्यंत आत. त्यांचं तोंड उघडंच राहिलं. माझ्या पहिल्या दिवशी झालं तेच, पण दुपटीने. धाप, धाप, धाप, डोळे मोठे, दांडा सापडत नव्हता आणि हात पाण्यात चाचपत होता. ट्रेनर सेकंद मोजतच होता, कारण त्याचं तोंड फोनच्या कॅमेऱ्याकडे होतं. दादाने काखेत हात घालून त्यांना वर घेतलं. पाच मिनिटांनी ते हसत होते, सगळे हसत होते. मला हसू आलं नाही.

गार पाण्यात एकदम शिरलं की शरीर जे करतं त्याला कोल्ड शॉक म्हणतात. कातडीला गारवा लागताच श्वास आपोआप आत ओढला जातो, मग जोरजोरात होतो, नाडी आणि रक्तदाब चढतो. पहिल्या अर्ध्या मिनिटात हे सगळ्यांत तीव्र असतं आणि दोन-तीन मिनिटांत ओसरतं. तरुण, धडधाकट माणसाला याची नुसती गोष्ट होते. ज्याचं हृदय आधीच कुरकुरतंय, ज्याचा रक्तदाब ताब्यात नाही, गारव्याने ज्याची बोटं पांढरी पडतात किंवा अंगावर गांधी उठतात, मधुमेहाने ज्याच्या पायांची जाणीव कमी झाली आहे, त्याने डॉक्टरला विचारल्याशिवाय या टबाकडे फिरकू नये. आमच्या जिमने माझ्याकडून पास देताना फोन नंबर घेतला, ईमेल घेतला, वाढदिवस घेतला. रक्तदाबाचं कुणीही विचारलं नाही. या एका गोष्टीसाठी मी त्यांचे गुण सगळ्यांत जास्त कापते.

माझी स्वतःची फजिती वेगळीच. पाचव्या-सहाव्या खेपेला मी दहा मिनिटं पूर्ण केली, स्वतःवर खूश होऊन ताडकन उठले आणि थेट गरम शॉवरखाली जाऊन उभी राहिले. अर्ध्या मिनिटात कानात शिट्टी वाजायला लागली, समोरच्या फरशीच्या कडा विरघळायला लागल्या. मी भिंतीला धरून खाली बसले, शॉवर चालूच. मैत्रिणीने नंतर समजावलं: पाण्यात असताना त्याचा दाब आणि आकसलेल्या रक्तवाहिन्या रक्त मधल्या भागाकडे ढकलून ठेवतात. उठलीस की तो दाब गेला, वरून गरम पाण्याने कातडीतल्या वाहिन्या उघडल्या, रक्त तिकडे धावलं आणि डोक्याला कमी पडलं. तेव्हापासून बाहेर आले की आधी कडेवर बसते, अंग पुसते, कोरडे कपडे, मोजे, आणि दहा मिनिटं इकडून तिकडे चालते. बाहेर आल्यावरही थोडा वेळ शरीराच्या आतलं तापमान उतरतच राहतं, म्हणून खरी हुडहुडी कपडे घालताना भरते. बटणं लावता येत नाहीत. टी-शर्ट घाला.

टबात नेमकं कसं बसायचं हे मला कुणी शिकवलं नाही, दादाला बघून आलं. आधी मनगटं आणि मान ओली करायची, मग पायरीवर बसून मांड्यांपर्यंत, आणि श्वास लांब सोडत सोडत खाली. हात पाण्याबाहेर, छातीवर घडी. बोटं बुडवली की सगळं लक्ष बोटांकडेच जातं, आणि बोटांनी काही स्क्वॉट मारलेले नसतात. पायात निओप्रीनचे (जाड, रबरासारखे) मोजे घातले तर तिसऱ्या मिनिटाला अंगठे तुटायचे थांबतात. एकदा स्थिर बसलं की कातडीलगत कोमट पाण्याचा पातळ थर तयार होतो आणि बरं वाटायला लागतं. तेवढ्यात दादा हाताने पाणी ढवळतो. तो हे मुद्दाम करतो आणि त्याला त्यात आनंद मिळतो असा माझा पक्का संशय आहे. माझी डबल्सची जोडीदार काटकुळी आहे, ती सहाव्या मिनिटाला थडथडायला लागते. माझ्या अंगावर थोडं अस्तर आहे, मी बारा मिनिटं बसते. आयुष्यात पहिल्यांदा त्या अस्तराचा अभिमान वाटला.

स्वच्छतेबद्दल पटकन. आत जाण्याआधी अंघोळ करा अशी सूचना आहे, ती पाळणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके. घामाने निथळत थेट आत. गार पाण्यात जंतू हळू वाढतात, मरत नाहीत. ते काम फिल्टर आणि क्लोरीनचं. दादा रोज सकाळी पट्टी बुडवून क्लोरीन बघतो, मी बघितलंय. पण पाणी पूर्ण बदलल्याची तारीख लिहायची जी वही भिंतीला अडकवली आहे तिच्यात शेवटची नोंद मी मोजली तेव्हा एकोणीस दिवसांपूर्वीची होती, आणि तळाशी केसांचं एक वेटोळं शांतपणे फिरत होतं. पायाला कुठे कापलं-खरचटलं असेल तर मी त्या दिवशी टब टाळायचे.

बरं, मग उपयोग होतो का? होतो. मला झाला, आणि एका दिवशी तर असा की मी दादाला मिठी मारणार होते.

दुसऱ्या महिन्यात आमची हौशी स्पर्धा होती. शनिवारी तीन सामने, रविवारी जिंकत राहिलो तर दोन. शनिवारचा तिसरा सामना तीन गेमचा झाला, दोन्ही पोटऱ्या दगड झाल्या. गेल्या वर्षी असंच झालं होतं तेव्हा रविवारी मी कोर्टवर नुसती उभी होते आणि जोडीदार एकटी दोघींचं पळत होती. या वेळी थेट जिम, १३ अंशांत बारा मिनिटं. बाहेर आले तेव्हा पाय बधिर होते, लाकडाचे. रात्री नीट झोप लागली. रविवारी सकाळी पलंगावरून पाय खाली ठेवले आणि वाट बघितली. कळ आली, पण लांबून, शेजारच्या घरात कुणी बोलतंय अशी. पहिला सामना जिंकलो, दुसरा हरलो. हरलो ते पायांमुळे नाही, समोरच्या पोरी आमच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान होत्या म्हणून.

याला आधार आहे. २०१२ साली कोक्रेन या वैद्यकीय चाचण्यांचे आढावे घेणाऱ्या संस्थेच्या आढाव्यात १७ छोट्या चाचण्या एकत्र तपासल्या होत्या, एकूण ३६६ माणसं. नुसतं आराम करणाऱ्यांपेक्षा गार पाण्यात बसलेल्यांचे स्नायू पुढचे चार दिवस कमी दुखले. गारव्याने रक्तवाहिन्या आकसतात, मज्जातंतूंतून दुखण्याचा निरोप सावकाश जातो, पाण्याच्या दाबाने सूज कमी राहायला मदत होते. मात्र अशा चाचणीत एक अडचण असते: आपण गार पाण्यात बसलोय हे माणसापासून लपवणार कसं? त्याला वाटतंच की आता बरं वाटणार. २०१४ साली ऑस्ट्रेलियातल्या एका गटाने यावर झकास युक्ती काढली. दमवणाऱ्या व्यायामानंतर काहींना १० अंशांच्या पाण्यात बसवलं, काहींना कोमट पाण्यात, आणि काहींना कोमट पाण्यातच, पण त्यात साधा द्रवरूप साबण टाकून 'हे खास रिकव्हरी तेल आहे' असं गंभीर चेहऱ्याने सांगितलं. साबणवाल्यांच्या पायांची ताकद गार पाणीवाल्यांइतकीच परतली, आणि नुसत्या कोमटवाल्यांपेक्षा चांगली. हे वाचल्यावर मी बराच वेळ माझ्या त्या रविवारचा विचार करत होते. त्यातलं पाणी किती आणि तेल किती? पोटऱ्यांना विचारलं तर त्या म्हणतात, आम्हाला काय करायचंय, आम्ही चाललो ना.

इथपर्यंत मी पास पुन्हा काढणारच होते. आडवी आली माझी वही.

मी वजनं वहीत लिहिते, जुनी खोड आहे. पास घेण्याआधीच्या तीन महिन्यांत माझा पाच वेळांचा स्क्वॉट ५० वरून ५७.५ किलोवर गेला होता. पासाच्या तीन महिन्यांत ५७.५ वरून ६०. पाय दुखत नव्हते, एक दिवस चुकला नव्हता, झोप बरी होती, आणि वजन जवळजवळ जागच्या जागी. एका बाईच्या वहीतून काही सिद्ध होत नाही, हे मला कळतं. वजन वाढायचा वेग पुढे पुढे कमी होतोच. पण मी मैत्रिणीला वहीचा फोटो पाठवला तर तिने उलट एकच प्रश्न विचारला: "टबात कधी बसतेस, स्क्वॉटच्याच दिवशी?"

हो, त्याच दिवशी. लगेच. पास तसाच तर विकला होता, 'वर्कआउट संपल्यावर ३० मिनिटांच्या आत'.

मग तिने मला २०१५ सालचं एक संशोधन समजावून सांगितलं, तेही ऑस्ट्रेलियातलंच. तरुण पुरुषांनी १२ आठवडे, आठवड्यातून दोनदा पायांची ताकद वाढवणारा व्यायाम केला. अर्धे प्रत्येक वेळी नंतर १० मिनिटं साधारण १० अंशांच्या पाण्यात बसले, अर्ध्यांनी तेवढाच वेळ हलकी सायकल चालवली. बारा आठवड्यांनी सायकलवाल्यांची ताकद आणि मांड्यांचा स्नायू दोन्ही जास्त वाढले होते. गार पाणीवाल्यांच्या स्नायूंत वाढीचे जे इशारे व्यायामानंतर पेटतात तेच मंद पडलेले दिसले. पुढे २०२० साली दुसऱ्या एका गटाने एकाच माणसाचा एक पाय ८ अंशांत आणि दुसरा ३० अंशांत बुडवून बघितला, तर गार पायात नवीन स्नायू-प्रथिनं बनण्याचं काम कमी झालेलं. मला ही दोन पायांची कल्पना फार आवडली. कुणाशी तुलना नाही, स्वतःच्याच दुसऱ्या पायाशी.

म्हणजे जे दुखणं बंद करायला मी पैसे देत होते, त्याच गडबडीत पाय मजबूत होण्याचं कामही चाललेलं असतं, आणि मी दर सोमवारी-गुरुवारी त्याच्यावर गार पाणी ओतत होते. अक्षरशः.

मी हे सगळं घेऊन ट्रेनरकडे गेले. मुलगा वाईट नाही, माझा स्क्वॉट त्यानेच सुधारला. तो म्हणाला, "ताई, मोठमोठे खेळाडू करतात की!" करतात. २००३ साली मॅरेथॉनमध्ये २ तास १५ मिनिटं २५ सेकंदांचा तेव्हाचा विक्रम करणारी पॉला रॅडक्लिफही बर्फाच्या पाण्यात बसायची. पण तिला उद्या परत पळायचं असायचं. मला उद्या खुर्चीत बसायचं असतं. मला गुरुवारपर्यंत वेळ आहे, स्नायूंना त्यांचं काम करू द्यायला मला काय घाई? यावर तो थोडा वेळ गप्प बसला आणि म्हणाला, "मग तुम्ही कार्डिओच्या दिवशी बसा." हे बरोबर होतं. दमछाकीच्या व्यायामाला गार पाणी तसं आडवं येताना दिसलेलं नाही. हे त्याला माहीत होतं, मग पासावर का लिहिलं नव्हतं?

पासाचे वारही बघा. टब सोमवार ते शनिवार. रविवारी, जेव्हा खेळणारी माणसं खेळून येतात, तेव्हा बंद. आमची स्पर्धा शनिवार-रविवारची होती म्हणून नशीब. उन्हाळ्यात पळून आलेल्या माणसाला जिथे खरंच टब हवा असतो, तिथे टब झाकलेला, आणि सोमवारी संध्याकाळी मांड्या वाढवायला आलेल्या पोरांची रांग दारापर्यंत. एक गोष्ट मात्र टबाच्या बाजूने लिहायला हवी: पाण्यातून बाहेर आल्यावर तासभर जो तरतरीतपणा येतो तो थापा नाही. १४ अंशांच्या पाण्यात तासभर बसवलेल्या माणसांच्या रक्तात नॉरॲड्रेनालिन, म्हणजे अंगाला सावध करणारं संप्रेरक, कित्येक पटींनी वाढल्याचं २००० साली मोजलेलं आहे. मी काही तासभर बसत नव्हते, पण ऑफिसातला चिखल डोक्यातून निघून जायचा. त्यासाठी बसायचं असेल तर स्क्वॉट नसेल त्या दिवशी बसा, पाणी १४ असलं तरी चालेल, आणि कुणीतरी शेजारी उभं हवंच. एकट्याने कधीही नाही.

पास संपायच्या दोन दिवस आधी काउंटरवरून फोन आला. "मॅडम, रिन्यू करताय ना? या वेळी सहा महिन्यांवर सूट आहे." मी विचारलं, सुटी बुडी मिळेल का, म्हणजे मला लागेल तेव्हा एकेक, वर्षातून चार-पाच? पलीकडून थोडी शांतता, मग, "तसं पॅकेज नाहीये, मॅडम." मी म्हटलं, काढा की मग. ती म्हणाली, विचारून सांगते. अजून सांगितलेलं नाही.

थर्मामीटर मी दादाकडे ठेवून आले, माझ्या घरी त्याला काय काम? परवा पायांचा दिवस आटपून तिथून गेले तर टबाच्या कडेला दोरी लोंबत होती आणि लाल डिस्प्लेखाली चिकटपट्टीने एक कागद लावला होता. त्याच्या अक्षरात: 'हा आकडा पाइपचा. टबाचा आकडा दोरीला.' व्यवस्थापनाने अजून तो काढलेला नाही. दोरी ओढून बघितली, १३.६. मी आडवी आडवी जिना उतरून घरी आले.